पेटी राहू द्या, आधी कागद घ्या

कुणाला जलरंगाचं साहित्य भेट द्यायचं ठरवून दुकानात गेलात, की दुकानदार आधी 48 रंगांची पेटी काढून पुढ्यात ठेवतो. झाकण उघडलं की डोळे दिपतात. तरी ती घेऊ नका. तेवढ्याच पैशांत चांगला कागद, एक नीट ब्रश आणि पाच-सहा ट्यूब येतात, आणि शिकणाऱ्याचा हात खरा बसतो तो त्यांच्यावर.

मी लातूरला शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी ग्रेड परीक्षा जवळ आल्या, दिवाळी आली, कुणाच्या भाच्याचा वाढदिवस आला, की फोन ठरलेला. "मॅडम, पोरगी लई चित्रं काढायलीय. एखादी मोठी पेटी घेऊन द्यावी म्हणलं. कोणती घेऊ?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात, आणि ते थोडे संकोचून विचारतात. पोरगं आठवीत गेलं की घरोघरी ट्यूशनशिवाय दुसरा विषय निघत नाही असं आमचं गाव. तिथं एक बाप रंगांची चौकशी करायलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याला फोनवर घाईत दोन नावं सांगून वाटेला लावणं बरं वाटत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी एक गोंधळ मिटवू. दुकानात "वॉटर कलर द्या" म्हटलं तरी पुष्कळदा पोस्टर कलरच्या बाटल्या हातात पडतात. दोन्ही पाण्यातच कालवायचे, त्यामुळं दुकानदाराला फरक वाटत नाही. पण पोस्टर कलर झाकणारा असतो, खालचं सगळं बुजवतो. संकल्पचित्रात सपाट, एकसारखा रंग भरायचा असतो, तिथं तोच हवा. जलरंग पारदर्शक. त्याच्या पातळ थरातून खालचा पांढरा कागद दिसत राहतो आणि चित्रातला उजेड त्या कागदातून येतो. म्हणून पोरीला नक्की कशासाठी हवेत, हे तिलाच विचारून मग दुकानात जा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, निसर्गचित्र म्हणाली तर जलरंग.

उजेड कागदातून येतो म्हटल्यावर पैसेही आधी कागदालाच लागले पाहिजेत. माझा हिशोब साधा आहे: हजार रुपये असतील तर पाचशे कागदाला, तीनशे रंगाला आणि दोनशे ब्रशला. लोकांना हे उलटं वाटतं, कारण कागद भेट म्हणून दिसायला काहीच नसतो. पण शाळेतल्या पातळ ड्रॉइंग शीटवर पाण्याचा ब्रश फिरवला की ती फुगते, तिच्यात नाल्या पडतात, रंग त्या नाल्यांत जाऊन बसतो. दुसरा हात फिरवला की वरचे तंतू सुटून गोळ्या होतात. पोर समजतं, आपल्यालाच जमत नाही. जमत सगळं असतं, पण त्या कागदावर कुणाचंच काही होणार नाही.

कागद घेताना 300 जीएसएम मागा. एक चौरस मीटर कागदाचं वजन 300 ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. इतका जाड कागद भरपूर पाणी पितो आणि वाकला तरी थोडाच वाकतो. पृष्ठभागात तीन प्रकार मिळतात: गुळगुळीत तो हॉट प्रेस्ड, मध्यम दाण्याचा कोल्ड प्रेस्ड आणि भरड तो रफ. पहिल्यांदा घेताना डोळे मिटून कोल्ड प्रेस्ड घ्या. त्यावर वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या पातळ रंगाचा सलग हात, बसतो, कोरड्या ब्रशचं कामही होतं.

मग प्रश्न येतो कापसाच्या कागदाचा. साधा जलरंगाचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. उत्तम कागद शंभर टक्के कापसाचा, बहुधा सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून केलेला. कापसाचा कागद पाणी धरून ठेवतो, त्यामुळं रंग एकमेकांत मिसळायला वेळ मिळतो, आणि चुकलेला रंग ओल्या ब्रशनं बराच उचलता येतो. परभणी, जालना, बीड सगळा पट्टा कापसाचा, आणि त्याच्या उत्तम कागदावर मात्र फ्रान्समधल्या आर्शचं किंवा इटलीतल्या फाब्रियानोचं नाव. फाब्रियानो गावात तेराव्या शतकापासून कागद होतो.

जुना कागद म्हणाल तर तो आपल्याकडंही आहे. दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतं. तुघलकानं 1327 मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, त्या काळात कागद करणारे कारागीर इथं येऊन वसले असं सांगतात. गावाचं नावच त्यांच्या धंद्यावरून पडलं. चिंध्या कुजवून, कुटून, त्याचा लगदा हौदात कालवून, जाळीवर एकेक ताव उचलायचा. वेरूळला सहल नेणाऱ्या शिक्षकांना माझं नेहमी सांगणं असतं की गाडी तिथं थांबवा. वेरूळ पोरं पुन्हा पाहतील. कागद हातानं होतो हे एकदा पाहिलं, की पुढं त्यांच्या हातून ताव चुरगळला जात नाही.

मात्र हातकागद सगळाच जलरंगाला चालतो असं समजू नका. दुकानात 'हँडमेड' म्हणून जो मिळतो त्यातला काही पत्रिका आणि फायलींसाठी केलेला असतो. जलरंगाच्या कागदाला सरस किंवा तसंच काही लावून त्याची शोषण्याची हाव कमी केलेली असते. त्याला सायझिंग म्हणतात. ते आहे की नाही हे ओळखायला कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब गोल टिकून हळूहळू मुरला तर कागद कामाचा. पडल्या पडल्या पसरून गडद डाग झाला तर त्यावर रंगही तसाच पसरेल. आधी विचारून एका तुकड्यावर करून पाहा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. चांगला कागदही कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला आणि पावसाळ्याची ओल त्याला लागली की सायझिंग जागोजागी मरतं आणि वॉशमध्ये ठिपके उमटतात. म्हणून ठेवायचा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, आडवा.

ब्रशला फार लांबण लावत नाही. 8 किंवा 10 नंबरचा गोल ब्रश एक आणि आभाळ, शेत यासाठी एक इंची चपटा. बारीक 0 नंबरचा मुद्दाम देऊ नका. पोरं त्यानंच सगळं चित्र भरत बसतात आणि वॉश कधी शिकतच नाहीत. गोल ब्रशच्या टोकाला कारखान्यात डिंक लावलेला असतो, त्यामुळं कोरडा असताना प्रत्येक ब्रश टोकदारच दिसतो. दुकानात पेलाभर पाणी मागा, डिंक धुऊन काढा, एक झटका द्या. केस आपोआप एकत्र येऊन टोक झालं तर घ्या, शेपूट फुटली तर परत ठेवा. चांगल्या गोल ब्रशच्या टोकानं 10 नंबरमध्येही नारळाच्या झावळीची रेघ निघते.

केस मात्र सिंथेटिकच असू द्या. आजकालचे नायलॉनचे ब्रश पाणी बऱ्यापैकी धरतात आणि टोकही टिकवतात. एखाद्यानं "असली मुंगसाच्या केसाचा आहे" म्हणून कौतुकानं ब्रश दाखवला तर तो तिथंच सोडा. एका मुंगसाच्या अंगावरून अगदी थोडे केस कामाचे निघतात, त्यासाठी ती जनावरं मारली जातात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि त्याखाली हा व्यापार गुन्हा आहे. मी वर्गात हे पहिल्याच आठवड्यात सांगते. पोरांना मुंगूस ठाऊक असतं, बांधावर पाहिलेलं असतं, त्यामुळं समजवावं लागत नाही.

आता रंग. जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि डिंक. सुदानकडच्या बाभळीच्या भाऊबंदाचा हा डिंक, त्यात ओलावा राहावा म्हणून मध किंवा ग्लिसरीन. विद्यार्थ्यांच्या दर्जात पूड कमी आणि भर जास्त. कलाकारांच्या दर्जात पूड भरपूर, म्हणून किंमतही चढी. दांडेकरांनी 1931 मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनच्या ट्यूब आपल्याकडं तालुक्याच्या गावीही मिळतात. शिकणाऱ्याला त्या पुरतात. संपलेली एक ट्यूब त्याच दुकानात परत मिळणं याला मी फार महत्त्व देते. परदेशी रंग आणून दिला, त्यातला निळा संपला आणि पुढं तो मिळेचना, तर पोर अडून बसतं.

पाच-सहा कोणते? लेमन येलो, येलो ऑकर, क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना. सहावा घ्यायचाच तर प्रशियन ब्लू. हिरवा घेऊन देऊ नका. दोन निळे आणि दोन पिवळे आहेत, म्हणजे चार हिरवे तिथंच झाले, आणि त्यात थोडा बर्न्ट सिएना गेला की आपल्याकडच्या कडुनिंबाचा, बोरीचा, तुरीचा धुळकट हिरवा मिळतो. ट्यूबमधला हिरवा कोकणात शोभेल. काळाही नको, आणि त्यामागं मोठं कारण आहे.

आपली काळी माती काळ्या रंगानं रंगवली की मेलेली दिसते, डांबर ओतल्यागत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ताटलीत शेजारी शेजारी सोडा, मधे ब्रशनं पाण्याचा पूल करा. जिथं ते भेटतात तिथं एक राखाडी तयार होतो. निळा जास्त पडला तर तो थंड, पावसानंतरच्या नांगरटीसारखा. सिएना जास्त पडला तर गरम, मे महिन्यात भेगाळलेल्या रानाचा. दाट घेतला तर जवळजवळ काळा. हा राखाडी कोल्ड प्रेस्ड कागदावर टाकून बोर्ड जरा तिरपा करा आणि हात न लावता बघत बसा. अल्ट्रामरीनची पूड दाणेदार, ती गोळा होऊन कागदाच्या खळग्यांत जाऊन बसते, सिएना भोवती पसरतो. वाळल्यावर ढेकळं आपोआप दिसायला लागतात. औशाच्या वाटेवरची शेतं रंगवायला मी हेच दोन रंग घेऊन जाते, कडब्याच्या गंजीसाठी फक्त ऑकर जास्तीचा.

ऑकर आणि सिएना दोन्ही मातीचे रंग आहेत आणि मातीच्या रंगांना मरण नाही. अजिंठ्याला जाऊन पाहा. लाल-पिवळी गेरू, खडकाच्या पोकळ्यांतून मिळणारी हिरवी माती, दिव्याची काजळी एवढ्यावर बहुतेक सगळं चितारलंय, आणि दीड हजार वर्षांनंतर पद्मपाणीची त्वचा अजून उबदार दिसते. निळा तेवढा दूरचा. लाजवर्द नावाचा तो दगड अफगाणिस्तानातून यायचा. आज आपण ट्यूबमध्ये घेतो तो अल्ट्रामरीन त्याच निळ्याचं कारखान्यात तयार झालेलं रूप. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये ते साधलं आणि तो निळा सामान्य चित्रकाराच्या हातात आला.

याच्या उलट काही रंग उन्हात उडून जातात. गुलाबी भडक ऑपेरा, जुना ॲलिझरिन क्रिमझन हे त्यातले. कलाकारांच्या दर्जाची ट्यूब घेत असाल तर मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. तिथं पूड कोणती आहे त्याचा संकेत असतो: अल्ट्रामरीन म्हणजे पीबी 29, टिकाऊ गुलाबी म्हणजे पीव्ही 19, उडणारा ॲलिझरिन म्हणजे पीआर 83. नावापुढं 'ह्यू' लिहिलं असेल तर मूळ पुडीऐवजी तशा छटेची दुसरी पूड वापरली आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त ठाऊक असावं. संकेत एकच असेल तर रंग मिसळताना स्वच्छ राहतो, तीन-तीन पुडींचे रंग एकत्र आले की चिखल होतो. खात्री करायची असेल तर प्रत्येक रंगाचा पट्टा ओढा, अर्धा पुठ्ठ्यानं झाका, आणि पश्चिमेच्या खिडकीत चिकटवून ठेवा. आपलं एप्रिल-मेचं ऊन एकाच उन्हाळ्यात कोण राहतो आणि कोण जातो ते सांगून टाकतं.

ऊन आपल्या चित्रांनाही नडतं. पारा 42 च्या पुढं गेला की वॉश कागदावर पोचायच्या आत कडा धरतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम उरका, नाहीतर कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करून बोर्डवर बसवा. पाठीमागचा ओलावा बराच वेळ पुरतो. वड्यांचे रंग या हवेत तडकून डबीतून निघून पडतात, ते फेकू नका, थेंबभर पाणी आणि मधाचं बोट लावून परत बसवा. मध घातलेले रंग दमट गावात चिकट होतात म्हणून लोक तक्रार करतात, आपल्याकडं मात्र ते छान राहतात.

पाण्याचंही सांगते. बोअरचं पाणी जड असतं, वाळलेल्या गडद वॉशवर कधी कधी पांढुरकी झाक येते. प्यायचं फिल्टरचं पाणी घ्या. लागतंच किती? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझी मुलं दोन छोट्या वाट्यांवर चित्र पूर्ण करायची: एका वाटीत ब्रश धुवायचा, दुसरीतलं स्वच्छ पाणी रंगाला. ती सवय मी आजही मोडू दिलेली नाही. बादलीभर पाणी घेतलं म्हणून रंग स्वच्छ राहत नाहीत, वाट्या वेगळ्या ठेवल्या म्हणून राहतात. रंगाचं पाणी तुळशीत किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नका. काही पिवळ्या-लाल-निळ्यांत कॅडमियम, कोबाल्ट असतं. आणि ब्रश तोंडात घालून टोक करायची खोड लहानपणीच मोडा.

रंग कालवायला पांढरी चिनी मातीची ताटली उत्तम. प्लॅस्टिकच्या पॅलेटवर पाणी थेंब थेंब होऊन पळतं, छटा कळत नाही. स्टीलच्या ताटलीत रंगाचा अंदाज चुकतो. घरात कान उडालेली एखादी पांढरी बशी असतेच.

आता भेट कुणाला, त्यावर थोडं. सहा-सात वर्षांच्या पोराला 12 वड्यांची साधी डबी, एक जाड ब्रश आणि भरपूर कागद. त्याच्यासाठी 300 जीएसएमचा हट्ट नको, त्याला मोकळेपणा हवा. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलीला वर सांगितलेलं सगळं. तिला गुणांसाठी म्हणून देऊ नका, देताना ते तोंडातून काढूही नका. दहावीला त्या ग्रेडचे वाढीव गुण मिळतात हे तिला शाळेत रोज ऐकायला मिळतंच.

सेवानिवृत्त माणसाला देत असाल तर वेगळा विचार करा. आमचे मोठे दीर एसटीतून निवृत्त झाले. आयुष्यभर अहमदपूर, उदगीर, देगलूर हे रस्ते काचेतून पाहिलेले. त्यांना मी खिशात मावणारी डबी, पोकळ दांडीत पाणी भरायचा ब्रश आणि पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची वही दिली. मोठा बोर्ड दिला असता तर तो कपाटामागं गेला असता. ही वही ते सोबत नेतात, स्टॅंडवर गाडीची वाट बघत चहाची टपरी काढतात, उतारूंची गाठोडी काढतात. कंडक्टर मंडळी ओळखीची, ती वाकून बघतात. "भाऊ, आमची बी काढा की." वयस्क माणसाला बसल्या जागी, पाच मिनिटांत आवरता येईल असंच द्यावं.

पैसे अगदीच बेताचे असतील तर घरी रंग करून द्या, यात काही कमीपणा नाही. बाभळीचा स्वच्छ डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा. त्यात थोडा मध, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब. वस्त्रगाळ केलेली गेरू काचेवर घेऊन हे मिश्रण थोडं थोडं घालत सपाट दगडानं घोटत राहा, बोटांना कचकच लागेनाशी होईपर्यंत. औषधाच्या बाटलीच्या झाकणात भरून सावलीत वाळवा. पिवळ्या मातीचा असाच दुसरा, काजळीचा तिसरा. आमच्या आठवीच्या वर्गानं या तिन्हींवर पूर्ण निसर्गचित्रं केली आहेत.

आणि कागद देताना एवढं कराच. फुल इंपिरिअल म्हणजे 22 बाय 30 इंचांचा ताव. तो तसाच गुंडाळून दिला तर घेणारा जपून ठेवतो, चांगला आहे म्हणून वापरतच नाही. तुम्हीच त्याचे आठ तुकडे करा, साडेसात बाय अकराचे. पट्टी दाबून धरून हातानंच फाडले तरी चालतं, कडा छान भरड येतात. एका तुकड्यावर तुम्ही स्वतः रंगांचे पट्टे ओढा, खाली नावं लिहा, आणि तो सगळ्यात वर ठेवा. सुरू झालेली चळत वापरायला माणूस कचरत नाही.